बोअरचं पाणी रासायनिक तपासणीला द्यायचंय – नेमकं काय काय तपासून घ्यावं?

कोरडवाहू

गाव यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या बाजूला. मी नोकरीपायी पुण्यात. गावी आई-बाबा, दादा-वहिनी आणि त्यांचं तीन महिन्यांचं बाळ. पाण्याचे स्रोत दोन: अंगणातलं बोअर, साधारण अडीचशे फुटांचं, आणि गोठ्यामागची आजोबांच्या काळातली विहीर. नळ योजनेची टाकी बांधून झाली आहे, नळही बसलेत, पाणी मात्र मनात आलं तर येतं. त्यामुळे प्यायला बोअर, वापरायला विहीर. बोअर बंद पडलं की विहिरीचंच पितात.

गल्लीतल्या पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी आडवे पट्टे दिसतात. गावात उत्तर तयार असतं, "खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाते ना पोट्टे." अहो, पण आठ वर्षांची मुलगी कुठला खर्रा खाते? ग्रामपंचायतीत विचारलं तर म्हणाले, पाणी तपासलेलं आहे, आपल्या गावाला हिरवं कार्ड आहे. तेवढ्यात एक फिल्टरवाला येऊन खिशातलं टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मीटर पाण्यात बुडवून ६१० आकडा दाखवून गेला आणि "हे विष पिता तुम्ही" म्हणाला. आईने तेव्हापासून धसका घेतलाय.

तर प्रश्न असे. तपासणीला नेमकं काय सांगायचं? नमुना कसा घ्यायचा? सरकारी प्रयोगशाळा की खासगी? आणि हिरव्या कार्डाचं काय समजायचं?

हिरवा_चाफा

आमच्याकडेही हाच घोळ आहे. वाचतेय. वाचनखूण साठवली.

साळुंकी

टीडीएस मीटरवाल्यांपासून सावध! आमच्या सोसायटीत एकाने दोन तारा बुडवून पाणी लाल-काळं करून दाखवलं होतं. तो विजेचा खेळ असतो, तारांचं लोखंड गंजून पाण्यात उतरतं. घाण पाण्यात नसते, त्या माणसाच्या धंद्यात असते.

ब्युरेट

कोरडवाहू, सरकारी पाणी प्रयोगशाळेत आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे. जरा लांबण लागेल, पण धागा चांगला आहे.

आधी हिरवं कार्ड. ते खोटं नाही, पण ते वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे. पावसाळ्याआधी आणि नंतर ग्रामपंचायतीच्या स्रोतांची स्वच्छता पाहणी होते. विहिरीभोवती घाण आहे का, पाइपलाइन गटारातून गेली आहे का, टीसीएल (ब्लीचिंग) पावडर साठ्यात आहे का, रोज टाकतात का. त्यावरून लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतं. साथीचे आजार रोखायला ही फार कामाची पद्धत आहे. पण जुलाब होणार नाहीत याचा अर्थ पाण्यात फ्लोराइड नाही असा होत नाही. शिवाय पाहणी सार्वजनिक स्रोतांची असते, तुमच्या अंगणातल्या बोअरची नाही.

आता टीडीएस. ते मीटर क्षार मोजतच नाही. पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतं आणि एका ठरावीक गुणकाने गुणून आकडा दाखवतं. ६१० मध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, बायकार्बोनेट, क्लोराइड हीच सगळी मंडळी असतात. त्यात ३ मिलिग्रॅम फ्लोराइड असलं काय, नसलं काय, मीटरला पत्ता लागत नाही. शिसं आणि आर्सेनिक तर मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागात घातक ठरतात. ६१० चं पाणी निर्धोक असू शकतं आणि २०० चं घातक. भारतीय मानकात (आयएस १०५००, २०१२) टीडीएसची स्वीकार्य मर्यादा ५०० आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. ६१० ला विष म्हणणाऱ्याला हे मानक वाचायला द्या.

तुमच्या भागात माझा पहिला संशय फ्लोराइडवर. पांढरकवडा, मारेगाव, झरी जामणी हा पट्टा आमच्या खात्यात त्यासाठी ओळखीचा आहे. खडकातली फ्लोराइडयुक्त खनिजं हळूहळू विरघळतात. पाणी खडकात जितकं जास्त काळ मुरतं तितका अंश वाढतो, म्हणून खोल बोअरमध्ये जास्त आणि उथळ विहिरीत बहुधा कमी. स्वीकार्य मर्यादा १.० मिलिग्रॅम प्रति लिटर, पर्याय नसेल तर १.५. मुलांचे पक्के दात हिरडीत घडत असताना जास्त फ्लोराइड पोटात गेलं तर असे आडवे पट्टे येतात. ते घासून जात नाहीत. ३ ते ६ मिलिग्रॅमचं पाणी वर्षानुवर्षं प्यायलं तर हाडं-सांधे आखडतात. पाणी मात्र दिसायला नितळ, चवीला गोड. म्हणूनच माणूस फसतो.

दुसरा संशय नायट्रेट, आणि तो विहिरीवर. "गोठ्यामागची विहीर" हे तुमचे शब्द वाचूनच मी दचकलो. शेण, मूत्र, उकिरडा, शोषखड्डा, शेतातला युरिया, सगळ्यांचं शेवटी नायट्रेट होतं आणि पावसाबरोबर खाली उतरतं. मर्यादा ४५ मिलिग्रॅम प्रति लिटर, तिथे कसलीही सवलत नाही. घरात तान्हं बाळ आहे म्हणून हे मुद्दाम सांगतो: बाळाला पावडरचं दूध देत असाल तर ते विहिरीच्या पाण्यात कालवू नका, रिपोर्ट येईपर्यंत तर नाहीच. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद नायट्रेटमुळे घटते, बाळ निळसर पडू शकतं. पाणी उकळून उपयोग नाही. उकळल्यावर पाणी वाफ होऊन जातं, नायट्रेट मागेच राहतं, म्हणजे प्रमाण उलट वाढतं. फ्लोराइडचंही तेच.

तेव्हा अर्जावर लिहा: पीएच, टीडीएस, एकूण कठीणपणा, अल्कता, क्लोराइड, सल्फेट, लोह, फ्लोराइड, नायट्रेट. दोन्ही स्रोतांचं वेगवेगळं. कोलिफॉर्मची (विष्ठेतून येणाऱ्या जंतूंची) तपासणी वेगळी सांगावी लागते, तिला निर्जंतुक बाटली प्रयोगशाळाच देते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा व उपविभागीय प्रयोगशाळा आहेत, तिथे खासगी नमुना ठरावीक शुल्कात घेतात. आधी तिथे जा.

नमुना घेताना: बोअर पाच-दहा मिनिटं चालू द्या, पाइपात साचलेलं पाणी निघून जाऊ द्या. स्वच्छ प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, मग काठोकाठ भरा. काचेची नको, फ्लोराइड काचेशी लागतं. सरबताची, तेलाची बाटली अजिबात नको. थंड ठेवा आणि त्याच दिवशी पोचवा, नायट्रेट दोन दिवसांच्या आत तपासावं लागतं. बाटलीवर स्रोत, तारीख, वेळ लिहा. "बोअर" आणि "विहीर" अशा चिठ्ठ्या न लावता दोन सारख्या बाटल्या टेबलावर आणून ठेवणारे लोक मी फार पाहिलेत.

पोळा_फुटला

राजेहो, आमच्या आज्यानं जन्मभर हेच पाणी पेलं, नव्वदीत गेला. दात शेवटपर्यंत शाबूत होते त्याचे. हे सगळं लॅबवाल्यांचं अन् आरओवाल्यांचं लफडं हाय.

ब्युरेट

पोळा_फुटला, तुमचे आजोबा विहिरीचं पाणी प्यायले असणार. गावोगावी बोअर आणि हातपंप आले ते प्रामुख्याने १९७२ च्या दुष्काळानंतर. खोल खडकातलं पाणी पिणारी पहिली पिढी तुमच्या वडिलांची. आजोबांचा दाखला बोअरच्या बाजूने देता येत नाही.

पोळा_फुटला

हे मात्र खरं. विहीरच होती.

खाडीपलीकडे

हिरव्या कार्डावरून ब्युरेट यांनी मांडलेल्या, पाणी कशासाठी तपासलं ते आधी बघा, या मुद्द्याला जगातलं सगळ्यात मोठं उदाहरण बांगलादेशचं. तळ्यांचं दूषित पाणी पिऊन मुलं दगावत होती म्हणून १९७० च्या दशकात युनिसेफच्या मदतीने तिथे ट्यूबवेल खणायला सुरुवात झाली. जुलाब कमी झाले, सगळे खूश. आर्सेनिक कोणी बघितलंच नाही. सीमेच्या अलीकडे पश्चिम बंगालमध्ये १९८३ मध्ये कोलकात्याच्या त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी रुग्णांच्या हातापायांवरचे चट्टे ओळखले. तरीही १९९२ मध्ये ब्रिटिश भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने बांगलादेशातल्या पाण्याचा जो अहवाल दिला, त्यात अनेक घटकांची तपासणी होती, फक्त आर्सेनिक नव्हतं. पुढे त्यावरून लंडनमध्ये खटला झाला. तिथल्या सर्वोच्च पातळीवर, हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, २००६ मध्ये तो फेटाळला गेला. गावकऱ्यांच्या बाजूने निकाल लागायला हवा होता असं मला अजूनही वाटतं. पण कायदा म्हणाला की संस्थेने पाणी सुरक्षित आहे असं कधी सांगितलंच नव्हतं. नंतर लाखो ट्यूबवेल तपासून त्यांच्या तोंडांना लाल-हिरवा रंग दिला.

हिरवा_चाफा

बाप रे! मग आपणही आर्सेनिक तपासायला हवं का? आणि कापसावर एवढी फवारणी होते, त्याचं काय?

ब्युरेट

आर्सेनिकचा मोठा प्रश्न गंगा-ब्रह्मपुत्रेच्या गाळाच्या प्रदेशाचा. आपल्या काळ्या दगडात तो तसा नाही. मनाच्या समाधानासाठी एकदा तपासून घ्यायला हरकत नाही. मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम प्रति लिटर. धातूंसाठी नमुन्यात नायट्रिक आम्ल घालावं लागतं, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतो आणि रिपोर्ट खोटाच चांगला येतो. तेव्हा धातूंची बाटली प्रयोगशाळेकडूनच मागून घ्या.

फवारणीचं उत्तर अवघड आहे. "कीटकनाशक तपासा" अशी एक तपासणी नसते. मानकात प्रत्येक औषधाची मर्यादा वेगळी आणि मायक्रोग्रॅममध्ये: मोनोक्रोटोफॉस १, मॅलॅथिऑन १९०. यंत्र महाग, तपासणी महाग, आणि नाव घेऊन सांगितलं नाही तर सापडत नाही. गेल्या दोन हंगामांत कोणती औषधं मारली त्यांचे रिकामे डबे बघा, त्यावरची घटकांची नावं लिहून घ्या आणि तेवढंच मागा. फवारणीच्या हंगामात, पहिल्या मोठ्या पावसानंतरचा नमुना द्या. उन्हाळ्यात दिलात तर पैसे पाण्यात.

न्यूजर्सीतला_सदू

इकडचा अनुभव. न्यू जर्सीत खासगी विहीर असलेलं घर विकताना पाणी तपासावंच लागतं, २००२ पासून तसा कायदा लागू आहे. आम्ही घर घेतलं तेव्हा रिपोर्टचा गठ्ठा हातात आला: नायट्रेट, शिसं, आर्सेनिक, पेट्रोल-सॉल्व्हंटची वाफाळ रसायनं, अल्फा किरणोत्सर्ग. आता त्यात पीफास, म्हणजे नॉनस्टिक-जलरोधक वस्तूंमधली न विघटणारी रसायनंही आली आहेत. आर्सेनिकची मर्यादा या राज्यात ५ मायक्रोग्रॅम, देशाच्या निम्मी.

एक गोष्ट इकडे शिकलो. शिशासाठी नमुना अगदी उलट घ्यायचा. शिसं जमिनीतून कमी, घरातल्या जुन्या पाइपातून आणि पितळी तोट्यांतून जास्त येतं. म्हणून रात्रभर नळ बंद ठेवून सकाळचं पहिलं पाणी भरायचं. मिशिगनमधल्या फ्लिंट शहरात २०१४ मध्ये पाण्याचा स्रोत बदलला, पाइप गंजू नये म्हणून टाकायचं रसायन टाकलं नाही, आणि वर लोकांना नमुन्याच्या आदल्या रात्री नळ काही मिनिटं वाहू द्यायला सांगितलं. शिसं आधीच वाहून गेलं की आकडा आपोआप सुंदर!

ब्युरेट

अगदी बरोबर. स्रोत तपासायचा तर पाणी वाहू द्या, पाइप तपासायचा तर वाहू देऊ नका.

कोरडवाहू

रिपोर्ट आले. उपविभागीय प्रयोगशाळेत त्या आठवड्यात नायट्रेटचं काम बंद होतं, म्हणून दादाने दोन्ही नमुने शहरातल्या एका खासगी प्रयोगशाळेत दिले. (नाव लिहीत नाही.) ठळक आकडे:

बोअर – टीडीएस ५९०, कठीणपणा २१०, फ्लोराइड २.८, नायट्रेट २.७
विहीर – टीडीएस ७४०, कठीणपणा ४३०, फ्लोराइड ०.६, नायट्रेट १४

फ्लोराइडचं तुम्ही म्हणालात तसंच निघालं. विहिरीच्या रिपोर्टवर शेरा "सर्व घटक मर्यादेत, पिण्यास योग्य" असा आहे. म्हणजे बोअर सोडून विहिरीवर यायचं, प्रश्न मिटला ना? आई तर आजच दोर-बादली काढून बसली आहे.

ब्युरेट

थांबा. आईंना थांबवा. नायट्रेटच्या ओळीत कंसात काही लिहिलंय का? पूर्ण ओळ जशीच्या तशी टाका.

कोरडवाहू

"नायट्रेट (एन म्हणून) – १४ – मर्यादा ४५".

ब्युरेट

हाच तो खड्डा. "एन म्हणून" याचा अर्थ नायट्रेटमधल्या फक्त नायट्रोजनचं वजन सांगितलंय. मानकातले ४५ आहेत ते अख्ख्या नायट्रेटचे. नायट्रेटमध्ये नायट्रोजनबरोबर प्राणवायूचे तीन अणू असतात, म्हणून एनच्या आकड्याला ४.४३ ने गुणायचं. १४ गुणिले ४.४३ म्हणजे ६२. विहिरीचं पाणी मर्यादेबाहेर आहे. एन म्हणूनच आकडा द्यायचा तर समोर मर्यादाही १० लिहायला हवी होती. डाव्या रकान्यात एक माप, उजव्या रकान्यात दुसरं, आणि खाली "पिण्यास योग्य" शिक्का. प्रयोगशाळेला फोन करून दुरुस्त रिपोर्ट मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. बोअरचे २.७ म्हणजे १२, ते ठीक.

बाळाचं दूध कशात कालवतात?

कोरडवाहू

बापरे. वहिनीचं अंगावरचं पुरत नाही म्हणून दिवसातून दोनदा पावडरचं देतात. तुमचा पहिला प्रतिसाद वाचल्यावर विहिरीचं बंद केलं होतं, सध्या बोअरचं उकळून. बाळ छान आहे, डॉक्टरांनाही दाखवलंय.

ब्युरेट

बरं झालं. पण बोअरचं २.८ फ्लोराइडही बाळाच्या रोजच्या दुधात नको. तूर्त तालुक्याहून आयएसआय शिक्क्याचा पाण्याचा जार आणा, तेवढ्यापुरता, आणि तेच पाणी उकळून गार करून वापरा.

गणित_कच्चं

भाबडा प्रश्न: दोन्ही पाणी मिसळलं तर? एकात फ्लोराइड जास्त, दुसऱ्यात नायट्रेट.

ब्युरेट

भाबडा नाही, चांगला प्रश्न आहे. करून बघू. निम्मं-निम्मं मिसळलं तर फ्लोराइड १.७, नायट्रेट ३७. फ्लोराइड नापास. दोन भाग विहीर, एक भाग बोअर: फ्लोराइड १.३३, नायट्रेट ४५.३. आता नायट्रेट काठावर नापास. मधे कुठेतरी बोटभर जागा आहे जिथे कागदावर दोन्ही जेमतेम बसतात, तेही फ्लोराइडची १.५ ही सवलतीची मर्यादा धरून. पाऊस पडला की विहिरीचा आकडा हलणार. घरात रोज मापं घेऊन कोण बसणार?

साळुंकी

मग शेवटी आरओच? फिल्टरवाला जिंकला की!

ब्युरेट

त्याचं निदान चुकीचं होतं, औषध योगायोगाने लागू पडतंय. आरओ फ्लोराइड बहुतांशी काढतो, नायट्रेटही काढतो. कँडल, यूव्ही, तुरटीची कांडी, माठ यांपैकी काहीही दोन्हींना हात लावत नाही. (नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने काढलेली नलगोंडा पद्धत तुरटी आणि चुना मोजून घालून फ्लोराइड बसवते, पण मात्रा प्रत्येक पाण्याची वेगळी. गावपातळीवर माणूस नेमून करायचं काम आहे ते.) आरओ बोअरवर लावा, विहिरीवर नाही, कारण तिथे कठीणपणा ४३० आहे, पडदा लवकर चोंदेल. फक्त प्यायला आणि स्वयंपाकाला. स्वयंपाक विसरू नका, वरण-भात आणि चहातून बरंच पाणी पोटात जातं. आरओच्या सांडपाण्यात फ्लोराइड एकवटलेलं असतं, ते गुरांच्या टाक्यात सोडू नका. गुरांच्या दातांनाही तोच त्रास होतो. संडास, अंगण धुवायला वापरा.

बसवल्यावर महिनाभराने आरओच्या पाण्याचा फ्लोराइड तपासा, नंतर वर्षातून एकदा. इथे मात्र टीडीएस मीटर कामाचं आहे. आज आरओमधून ५० येत असेल आणि सहा महिन्यांनी १५० यायला लागलं तर पडदा गेला समजा.

आणि उकिरडा हलवा. विहिरीपासून जितका लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला जाईल तितका बरा.

पोळा_फुटला

उकिरडा हलवाचा म्हणजे घरात महाभारत. पण हलवा भाऊ. अन् छपरावरचं पावसाचं पाणी धरून ठेवा टाकीत, त्यात ना फ्लोराइड ना काही. आमच्या मामाकडं हाय तसं.

ब्युरेट

पोळा_फुटला यांना +१. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी सोडून द्यायचं, टाकी झाकलेली हवी, आणि प्यायच्या आधी उकळायचं किंवा क्लोरीन टाकायचं. इथे उकळणं उपयोगी, कारण इथे शत्रू जंतू आहेत.

कोरडवाहू

दुरुस्त रिपोर्ट आला. नायट्रेट ६२, शेरा बदलून "पिण्यास अयोग्य". फोनवर म्हणाले "छपाईची चूक". असो. जार सुरू केलाय, आरओचं दादा बघतोय. बोअरचा रिपोर्ट घेऊन तो ग्रामपंचायतीत गेला होता. शाळेजवळच्या हातपंपाचा फ्लोराइड कधी तपासलाय ते विचारलं, तर जलसुरक्षक म्हणाला की किट आहे, पण फ्लोराइडचं रसायन संपलंय. आता त्या हातपंपाचा नमुना दादा स्वतःच भूजलच्या प्रयोगशाळेत देतोय. ब्युरेट, त्यासाठी ग्रामपंचायतीचं पत्र लागेल का?

ब्युरेट

खासगी नमुना म्हणून पत्राशिवाय घेतील. पण पत्र असेल तर रिपोर्ट ग्रामपंचायतीच्या नावे निघतो, आणि मग तो फायलीत लागतो. सरपंचांकडून दोन ओळी लिहून घ्या. आणि अर्जावर "फ्लोराइड" हा शब्द स्वतःच्या हाताने लिहा.